नाशिकमध्ये अँग्झायटीवर थेरपी: कुठून सुरू करायचं, काय विचारायचं आणि कुठे अडकायला होतं

छातीत धडधड, घशात काहीतरी अडकल्यासारखं, पोटात गोळा, रात्री तीनला जाग. हे सुरू झालं की माणूस साधारण ठरलेल्या वाटेने फिरतो. आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी, मग फॅमिली डॉक्टर, मग ईसीजी, टू-डी इको, पोटाची सोनोग्राफी. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, "काही झालेलं नाही तुला, उगाच टेन्शन घेऊ नको." यात वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं. पुढचं सगळं त्यानंतरच्या टप्प्याविषयी आहे.

थेरपी फसते ती बहुधा दोन ठिकाणी. एक, चुकीच्या दाराशी गेल्यामुळे. दुसरं, बरोबर दारातून आत जाऊन तिसऱ्या सत्रानंतर बाहेर पडल्यामुळे. म्हणून खाली या दोन जागांवर जरा जास्त थांबलो आहोत.

१. शरीराची तपासणी करा, पण एकदाच

थायरॉइड जास्त चालत असेल, रक्त कमी असेल किंवा साखर खाली जात असेल, तरी धडधड आणि थरथर होते. फॅमिली डॉक्टरांना सांगून टीएसएच (थायरॉइडसाठी), सीबीसी (रक्तासाठी), साखर आणि ईसीजी करून घ्या. सोबत काय-काय घेताय तेही सांगा. दम्याचा पंप, सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, दिवसाला सात-आठ कप चहा, तंबाखू, रात्रीची दारू आणि तिची पहाटेची थरथर, हे सगळं अँग्झायटीसारखंच दिसतं किंवा असलेली वाढवतं.

छातीत दुखणं पहिल्यांदाच आलं असेल, हात-जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर "पॅनिकच असेल" असं स्वतःचं स्वतः ठरवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट इमर्जन्सीला जा.

एकदा सगळं नॉर्मल आलं आणि डॉक्टरांनी हृदय ठीक आहे म्हणून सांगितलं, की तपासण्या थांबवा. दर दोन महिन्यांनी ईसीजी काढला की चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी मन विचारतं, "त्या मशीनमध्ये काही चुकलं असेल तर?" पुन्हापुन्हा खात्री करून घेणं हा आजाराचाच एक भाग आहे.

२. दोन आठवडे वही ठेवा

"टेन्शन येतं" एवढंच सांगितलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. शंभर पानी साधी वही घ्या आणि त्रास झाला की पाच ओळी लिहा. एक नोंद अशी दिसायला हवी:

मंगळवार, सकाळी ८.४०. द्वारका सर्कल, स्कूटीवर, सिग्नलला. धडधड, हात गार, चक्कर येईलसं वाटलं. मनात आलं, "इथेच पडले तर?" दहापैकी आठ. गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायले, बारा मिनिटांनी उतरलं. उड्डाणपुलावर चढले नाही, खालून गेले.

यातली शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. तुम्ही काय टाळलंत, यावर थेरपीचा अर्धा आराखडा उभा राहतो. लोक नेमकी तीच लिहायची विसरतात, कारण टाळणं अंगवळणी पडलेलं असतं.

याच्या जोडीला जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा त्रास झाला त्याला शून्य ते तीन गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे जायचंच असं धरा. या चाचणीने निदान होत नाही. आज किती आहे आणि दोन महिन्यांनी किती राहिलं हे मोजायला मात्र ती फार उपयोगी पडते.

३. पाटी पूर्ण वाचा

कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोडवर पाट्यांना तोटा नाही. घोटाळा शब्दांचा आहे, कारण बोलताना आपण सगळ्यांनाच "मानसोपचारवाले" म्हणतो.

सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. गोळ्या हेच लिहितात. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि नंबर त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहीत नाहीत. चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. सीआरआर नंबर विचारा आणि परिषदेच्या ऑनलाइन यादीत नाव शोधा. नंबर विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जायचं नाही, इतकं सोपं आहे.

काउन्सेलर किंवा समुपदेशक हा शब्द सगळ्यात सैल. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसंही या पाटीखाली बसतात आणि वीकेंडचा ऑनलाइन कोर्स केलेलेही. यातल्या बऱ्याच जणांकडे आरसीआयचा नंबर नसतो आणि तेवढ्यावरून ती माणसं वाईट ठरत नाहीत. त्यांना शिक्षण, किती वर्षांचा अनुभव आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे तीन प्रश्न विचारा.

आणखी एक बारकावा. होमिओपॅथी आणि आयुर्वेदातही मानसरोगाचं पदव्युत्तर शिक्षण असतं आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्यांनाही मानसिक आरोग्य व्यावसायिक मानतो. तिथे जायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण "एमडी" एवढंच वाचून जिना चढू नका. त्याच्या पुढची दोन अक्षरंही वाचा.

"२१ दिवसांत भीतीपासून कायमची मुक्ती", "एका सिटिंगमध्ये गॅरंटी" असं लिहिलेलं दिसलं की पुढे चला. खरी थेरपी करणारा माणूस गॅरंटी देत नाही.

४. सरकारी दार

पैशांची अडचण असेल, किंवा निदान झालंय की नाही हेच माहीत नसेल, तर सुरुवात इथून करा.

जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, त्र्यंबक नाक्याला आहे. ठक्कर बाजार स्टँडवरून चालत जाता येतं. तिथे केसपेपर काढताना "मानसोपचार" असं स्पष्ट सांगा. नुसतं "धडधड होते" म्हटलं तर मेडिसिनच्या रांगेत उभं करतील आणि सकाळ तिथेच जाईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपर जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच लागतो. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना मिनिटं कमी असतात. म्हणून तपासणी झाल्यावर तुम्हीच विचारा: "मला गोळ्यांसोबत समुपदेशनही हवं आहे, इथे सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी भेटतात?" न विचारता हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. ते सरकारी नाही, शिक्षणसंस्थेचं आहे. मेडिकल कॉलेजमध्ये आधी निवासी डॉक्टर सगळी माहिती विचारतात, मग वरिष्ठ. तेच दोनदा सांगावं लागतं म्हणून वैतागू नका. पहिल्या फेरीत शांतपणे अर्धा तास ऐकून घेणारं माणूस मिळतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत असाल आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर ईएसआयचं कार्ड असतं. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात ते दाखवा आणि मानसोपचाराची सोय किंवा रेफरल विचारा.

कळवण, सटाणा, सुरगाणा भागातून दर आठवड्याला नाशिक गाठणं अवघड. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाची भेट जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात असते का आणि कोणत्या वारी, ते आधी तिथेच विचारा.

आणि टेलि-मानस: १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येत असेल, तर पुढचं काहीही वाचत बसू नका. घरातल्या एकाला जागं करा आणि १४४१६ किंवा १०८ लावा.

जाता-जाता: अँग्झायटीसाठी येरवडा, ठाण्याचं नाव कुणी काढलं तर घाबरू नका. ती प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तुमचं काम ओपीडीत होतं.

५. खासगीत जाणार असाल तर फोनवरच पाच गोष्टी विचारा

रिसेप्शनला फोन करून "अपॉइंटमेंट द्या" एवढंच म्हणू नका.

- थेरपी कोण घेतं? डॉक्टर स्वतः, की त्यांच्याकडे बसणारे सायकॉलॉजिस्ट?
- सत्र किती मिनिटांचं? ४५ ते ६० मिनिटं हे नेहमीचं. दहा मिनिटं असेल तर ती तपासणी झाली, थेरपी नव्हे.
- पॅनिक आणि अँग्झायटीसाठी कोणती पद्धत वापरता? सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची थेरपी) किंवा एक्सपोजर (भीतीला पायरी-पायरीने सामोरं जाणं) हे शब्द उत्तरात यायला हवेत.
- फी किती, ऐनवेळी रद्द केलं तर किती कापता?
- संध्याकाळी सात नंतरची किंवा रविवारची वेळ मिळते का?

फीचं गणित एका सत्राचं करू नका, बारा सत्रांचं करा. सीबीटीला साधारण १२ ते २० सत्रं लागतात, आठवड्याला एक. समजा फी हजार रुपये आहे, तर पहिल्या तीन महिन्यांचे बारा हजार बाजूला ठेवता येतील का, ते आज बघा. सहाव्या सत्राला पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा पहिल्याच फोनवर "कमी फीचा स्लॉट आहे का" असं विचारणं बरं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

तीन शिफ्टमध्ये काम असेल तर ते आधी सांगा. दर आठवड्याला एकच वार आणि एकच वेळ तुम्हाला जमणार नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्यांनी गोडी छाटणीच्या तोंडावर सुरुवात करू नये, किंवा केली तर त्या दिवसांत फोनवर सत्र घेता येईल का ते ठरवून घ्यावं. छाटणी, डिपिंग, थिनिंग सुरू झालं की सत्र सुटतं, आणि एकदा सलग तीन सुटली की माणूस परत जात नाही.

घरी अहिराणीच बोलत असाल तर अहिराणी समजणारं कुणी मिळतं का तेही विचारा. भीती मराठी पुस्तकातल्या शब्दांत येत नाही.

ऑनलाइन थेरपीही चालते, मुंबई-पुण्याचे तज्ज्ञ त्याने हाताशी येतात. अडचण एकांताची. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात आई भाजी निवडत बसलेली असताना आईविषयी बोलता येत नाही. गच्ची, पार्किंगमधली गाडी, मित्राची रूम, काहीतरी आधी ठरवा, इअरफोन घ्या.

६. पहिल्या भेटीला काय न्यायचं

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र. ईएसआय असेल तर ते कार्ड
- सहा महिन्यांतले रिपोर्ट, तारखेनुसार लावून
- चालू गोळ्यांची पाकिटं. नाव लक्षात ठेवून जाऊ नका, पाकीटच न्या
- जुनी प्रिस्क्रिप्शन, झोपेच्या गोळीची असतील तर ती नक्की
- वही आणि जीएडी-७ चे गुण
- घरात कुणाला असाच त्रास, थायरॉइड, व्यसन होतं का, याची दोन ओळींची नोंद
- १८ वर्षांखाली असाल तर आई-वडील किंवा पालक सोबत

सोबत कुणी आलं तरी निम्मा वेळ एकट्याने बोलायला मागा. "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का" हे तुमच्याने म्हणवत नसेल तर रिसेप्शनवर आधी चिठ्ठी द्या. ते आतून सांगतात.

७. पहिली दोन सत्रं कोरडीच जातात

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्नांतच जातो: कधीपासून, कसं, झोप, भूक, काम, घर. बाहेर पडताना "हे तर मी भावाशीही बोललो असतो" असं वाटू शकतं. ते बरोबरच आहे, उपचार अजून सुरू व्हायचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या सत्राअखेर मात्र तुम्हाला तीन गोष्टी कळलेल्या असायला हव्यात: तुमच्या त्रासाचं नाव, तो कशामुळे टिकून आहे याचं तुमच्याच उदाहरणातून केलेलं स्पष्टीकरण, आणि पुढचा आराखडा. नसतील कळल्या तर सरळ विचारा.

बोललेलं बाहेर जात नाही. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या कायद्यातच आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, असे मोजके अपवाद. ते कोणते, हे पहिल्याच दिवशी ऐकून घ्या.

८. गोळ्या दिल्या तर

थेरपी की गोळ्या, हा वाद घरात घालू नका. सौम्य त्रासात एकटी थेरपी पुरते. झोप उडालीय, कामावर जाता येत नाही, अशा वेळी दोन्ही लागतात.

नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी उलट थोडी वाढू शकते. पाचव्या दिवशी "ही गोळी मला सूट होत नाही" म्हणून ती डब्यात जाते, हा ठरलेला अपघात. बंद करण्याआधी फोन करा. बरं वाटल्यावरही त्या बरेच महिने चालू ठेवतात आणि हळूहळू उतरवतात.

दुसरा गट लगेच गुण देणाऱ्यांचा: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. अर्ध्या तासात शांत वाटतं, आणि म्हणूनच सवय लागते. त्या थोड्या दिवसांसाठी असतात. दारूबरोबर चुकूनही नको. बरेच दिवस घेत असाल तर अचानक बंद करू नका, फिट येण्यापर्यंत त्रास जाऊ शकतो. शेजारच्या काकूंच्या पाकिटातली अर्धी गोळी मागून घेणं तर नकोच.

९. खरं काम: पायरी-पायरीने भीतीकडे जाणं

गप्पा मारून हलकं वाटणं आणि अँग्झायटी कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीती टिकते ती टाळण्यामुळे. बस टाळली की आज सुटका होते, आणि मेंदू शिकतो की बस खरंच धोक्याची होती. एक्सपोजरमध्ये हे उलटं शिकवायचं असतं.

समजा सिटी बसमध्ये कोंडल्यासारखं होतं म्हणून वर्षभर रिक्षाने फिरताय. थेरपिस्टबरोबर बसून शिडी अशी लिहितात, कंसात अंदाजे भीती, शंभरपैकी:

- निमाणी स्टँडवर दहा मिनिटं नुसतं उभं राहणं (२५)
- दुपारी रिकाम्या बसने पंचवटी कारंजापर्यंत, सोबत बहीण (४०)
- तेच, एकट्याने (५०)
- एकट्याने सीबीएस स्टँडपर्यंत, दाराजवळची सीट न धरता (६५)
- निमाणीहून नाशिकरोड, दुपारी (७५)
- तीच बस सकाळी साडेनऊला, उभ्याने (९०)

एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा करायची. एकदा करून सोडली तर काही शिकलं जात नाही. धडधड वाढते, शिगेला जाते, आणि तुम्ही काहीच केलं नाही तरी उतरते. हे शरीराने स्वतः अनुभवायला हवं. म्हणूनच मध्येच उतरायचं नाही.

इथे फसतं ते छोट्या आधारांमुळे. हातात पाण्याची बाटली घट्ट धरणं, पर्समधली "लागली तर" म्हणून ठेवलेली गोळी, प्रवासभर नवऱ्याशी फोन चालू ठेवणं. बस पार पडते, पण श्रेय बाटलीला जातं. कोणता आधार कधी सोडायचा ते थेरपिस्टबरोबर ठरवा. बसण्याआधी गोळी घेऊन पायरी चढली तर ती मोजायची नाही.

दीर्घ श्वासाचंही तेच. सराव म्हणून चांगला, पण "श्वास नीट घेतला नाही तर मरेन" म्हणून घेतला तर तोही बाटलीच झाला.

या टप्प्यात त्रास आधी वाढतो. पाचव्या-सहाव्या सत्राला "थेरपीने माझं जास्तच बिघडलं" म्हणून सोडून जाणारे इथेच सोडतात. गृहपाठ झाला नसेल तरी सत्राला जा. का झाला नाही, हाच त्या दिवशीचा विषय असतो.

१०. थेरपिस्ट बदलायचा केव्हा

सहा ते आठ सत्रं झाली, गृहपाठ केला, तरी जीएडी-७ जिथल्या तिथे असेल, तर तसं स्पष्ट बोला आणि आराखडा बदलायला सांगा. तरीही फरक नसेल तर बदला. तुमची कागदपत्रं मागण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. सारांश घेऊन निघा म्हणजे पुढच्या दारात पुन्हा श्रीगणेशा नको.

हे दिसलं तर मात्र आठ सत्रांची वाट बघू नका: तुमच्या जातीवर, लग्नावर, कपड्यांवर शेरे, दुसऱ्या रुग्णांच्या नावानिशी गोष्टी, नको तो स्पर्श, वीस सत्रांचे पैसे आगाऊ भरण्याचा आग्रह.

११. घर, नोकरी, विमा

घरचे त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी किंवा कालसर्प शांती करून घ्यायला सांगतील. करायची तर करा, त्यावरून भांडण नको. फक्त त्यासाठी सत्र पुढे ढकलू नका आणि गोळी बंद करू नका.

ऑफिसात निदान सांगण्याची गरज नसते. रजेसाठी "वैद्यकीय उपचार चालू" एवढं प्रमाणपत्र मागता येतं.

विम्याचं असं: मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. पण साधी पॉलिसी भरती झाल्यावरचा खर्च देते आणि थेरपी ओपीडीत होते. म्हणून तुमच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते बघा, कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला विचारा. बिलावर तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी. नवी पॉलिसी घेताना उपचार लपवू नका, पुढे दावा फेटाळायला तेच कारण होतं.

१२. थांबायचं कसं

बरं वाटायला लागलं की एके दिवशी जाणं बंद, असं करू नका. आठवड्याचं पंधरवड्यावर, मग महिन्यावर, मग तीन महिन्यांनी एक, असं लांबवत न्या. शेवटच्या दोन सत्रांत एक कागद तयार करून घ्या: तुमच्या बाबतीत त्रास परत येण्याची पहिली खूण कोणती, तेव्हा कोणत्या पायरीपासून सुरू करायचं, आणि किती दिवस जमलं नाही तर फोन करायचा. हा कागद वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा. बदली, परीक्षा, बाळंतपण, अवकाळी पाऊस, असं काही झालं की धडधड परत येऊ शकते. अशा वेळी पहिल्या आठवड्यात वही काढा, टाळायला सुरुवात कुठे झालीय ते शोधा आणि एक-दोन सत्रांची वेळ घ्या. नव्याने बारा सत्रं लागतातच असं नाही.